मामला गावापासून जिनिव्हापर्यंत : सार्वजनिक आरोग्याच्या शिक्षणाविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच विषयाची आहेत. विद्यापीठात जागतिक सार्वजनिक आरोग्याचे पदव्युत्तर शिक्षण घ्यावे का, ते कोणाला घेता येते आणि त्यासाठी परदेशी जाणे आवश्यक आहे का, असे प्रश्न मराठवाड्याच्या जवळजवळ प्रत्येक जिल्ह्यातून विचारले गेले आहेत. त्यांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : मी बी.ए.एम.एस. असून केज तालुक्यातील एका उपकेंद्रात तीन वर्षांपासून समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून काम करते. दिवाळीच्या सुमारास आमच्या गावातील निम्मी घरे ऊसतोडीला जातात आणि पट्टा पडल्यावरच, म्हणजे हंगाम संपल्यावरच, परततात. मधल्या पाच-सहा महिन्यांत बाळांच्या लसी, रक्तदाबाच्या गोळ्या, गरोदर बायांच्या तपासण्या या सगळ्यांत खंड पडतो. मला परदेशी विद्यापीठात ‘ग्लोबल पब्लिक हेल्थ’ शिकावेसे वाटते; पण घरची मंडळी विचारतात, जगाचे आरोग्य शिकून तू केजला काय करणार? मॅडम, हा विषय नेमका काय आहे आणि माझ्या पदवीवर प्रवेश मिळेल का?

उत्तर : घरच्यांचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर तुमच्याच जिल्ह्यात घडून गेलेले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर वर्ष सरत नाही तोच, १९९४ च्या पावसाळ्यात, बीड जिल्ह्यातील मामला या गावात उंदीर पडू लागल्याच्या आणि घराघरांत पिसवा झाल्याच्या तक्रारी आल्या, आणि मग माणसांच्या जांघेत व काखेत गाठी येऊ लागल्या. भूकंपाच्या धास्तीने लोकांनी सोडलेल्या घरांत साठवलेले धान्य तसेच राहिले आणि त्यावर उंदीर माजले, असे कारण पुढे अनेक अभ्यासकांनी मांडले. १९६६ नंतर देशात माणसाला प्लेग झाल्याची नोंद नव्हती. मी तेव्हा नुकतीच नोकरीला लागलेली डॉक्टर होते आणि घरोघरच्या सर्वेक्षणात गाठी तपासत फिरत होते. गावातील एक आजीबाई आम्हाला सांगत होत्या की त्यांच्या लहानपणी उंदीर पडला की सगळे गाव माळावर झोपड्या टाकून राहायला जाई. त्या आजीबाईंना साथ ओळखण्याची पहिली खूण ठाऊक होती, आणि आम्हा शिकलेल्यांना ती पुस्तकात शोधावी लागली, हे मी कधी विसरले नाही.

त्याच सप्टेंबरमध्ये सुरतेत फुफ्फुसाचा प्लेग उद्भवला. लाखो लोक शहर सोडून गेले, आखाती देशांनी भारताची विमाने थांबवली, निर्यात अडली, आणि पन्नासहून थोड्या अधिक मृत्यूंच्या तुलनेत देशाचे आर्थिक नुकसान प्रचंड झाले. त्या काळी लागू असलेले आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम कॉलरा, प्लेग आणि पीतज्वर या तीनच रोगांपुरते होते. शिवाय घाबरलेल्या देशांनी अवाजवी निर्बंध घातले तर त्यांना आवरण्याची ताकद त्या नियमांत नव्हती. नवे नियम करण्याचा निर्णय जिनिव्हात भरणाऱ्या जागतिक आरोग्य सभेने, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या सदस्य देशांच्या सभेने, १९९५ मध्ये घेतला, २००५ मध्ये ते मंजूर झाले आणि जून २००७ पासून अमलात आले. कोविडच्या काळात ‘आंतरराष्ट्रीय चिंतेची सार्वजनिक आरोग्य आणीबाणी’ हे लांबलचक शब्द आपण रोज ऐकत होतो, ते याच नियमांतले. मामल्याच्या उंदरांपासून जिनिव्हातल्या कायद्यापर्यंत जी साखळी जाते ती वाचता येणे, तिची कोणती कडी कोठे तुटते हे पुराव्यानिशी दाखवता येणे आणि ती जोडण्यासाठी कोणाकडे काय मागायचे हे कळणे, एवढाच या विषयाचा अर्थ आहे. जगाचे आरोग्य केजच्या बाहेर कोठे तरी सुरू होते, ही समजूत घरच्यांनी सोडावी असे मी त्यांना नम्रपणे सुचवीन.

आता वर्गात काय शिकवतात ते पाहू. एमपीएच म्हणजे सार्वजनिक आरोग्यातील पदव्युत्तर पदवी. तिच्यात साथरोगशास्त्र (रोग कोणाला, कोठे व का होतात याचा अभ्यास), जैवसांख्यिकी (आरोग्याच्या आकडेवारीचे शास्त्र), पर्यावरण व आरोग्य, आरोग्यसेवांचे धोरण व व्यवस्थापन, आणि माणसांच्या वर्तनाचा व समाजाचा अभ्यास ही पाच अंगे पूर्वापार चालत आली आहेत. ‘जागतिक’ हा शब्द जोडला की त्यात सीमेपलीकडे जाणारे रोग, स्थलांतर, औषधांचे पेटंट व किमती, आंतरराष्ट्रीय निधी आणि हवामानबदल यांची भर पडते. परंतु मणका पहिल्या दोन विषयांचाच असतो, म्हणून त्यांचा उपयोग तुमच्या ओळखीच्या उदाहरणावरून सांगते.

तुमच्या भागातील ‘पिशवी काढलेल्या’ बायांचा विषय तुम्हाला मी सांगायला नको. २०१९ मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या समितीच्या कामात बीड जिल्ह्यातील सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यांतील १३ हजारांहून अधिक महिलांचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे साधारण सहांत एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण सुमारे ३ टक्के होते. वर्तमानपत्राला एवढे पुरते. साथरोगशास्त्राचा विद्यार्थी मात्र आधी थांबतो आणि विचारतो: दोन्ही गटांतील वयोमान सारखे आहे का? शस्त्रक्रिया पहिल्या ऊसतोडीच्या आधी झाली की नंतर? त्याच गावातील ऊसतोडीला न जाणाऱ्या, तेवढ्याच वयाच्या आणि तेवढीच मुले असलेल्या बायांमध्ये प्रमाण किती आहे? त्यांच्यातही ते जास्त निघाले तर दोष मुकादमाची उचल (आगाऊ रक्कम) आणि खाड्याचा, म्हणजे काम बुडालेल्या दिवसाचा, दंड यांचा एकट्याचा उरत नाही. मग तालुक्याच्या गावातील खासगी दवाखान्यांकडे, लवकर होणाऱ्या लग्नांकडे, सरकारी रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञ नसण्याकडे पाहावे लागते. या बायांचे दुःख मोजमापाने कमी होत नाही, पण ते कोणाच्या दारात नेऊन ठेवायचे हे मोजमापानेच ठरते. तुम्ही तीन वर्षे ज्या नोंदवह्या भरल्या आहेत त्यांत या प्रश्नांची अर्धी उत्तरे पडून असतील.

तुमची पदवी बहुतेक ठिकाणी चालेल. सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी एमबीबीएसच हवे असा नियम परदेशी विद्यापीठांत सहसा नसतो. आंतरवासितेसह साडेपाच वर्षांचे बी.ए.एम.एस. ही पुरेशी पदवी धरली जाते, मात्र अमेरिकेत गुणपत्रकांचे मूल्यांकन करून घ्यावे लागते. एक गोष्ट मात्र मनाशी पक्की करा. ही पदवी घेतल्याने तेथे रुग्ण तपासण्याचा परवाना मिळत नाही, आणि येथेही तुमच्या वैद्यकीय नोंदणीत काही फरक पडत नाही.

अर्जासोबत जे उद्देशपत्र लिहावे लागते त्यात ‘मला लहानपणापासून समाजसेवेची आवड आहे’ असे एकही वाक्य लिहू नका. ऊसतोडीच्या हंगामात तुमच्या उपकेंद्रातील किती बालकांच्या कोणत्या लसी चुकल्या, परतल्यावर त्यांतील किती भरून काढता आल्या आणि कारखान्याच्या तळावरील आरोग्य पथकाला त्यांची माहिती का पोहोचत नाही, हे दोन परिच्छेदांत लिहा. माझ्या विद्यार्थ्यांच्या अर्जांवर मी पुष्कळ वर्षे हात फिरवला आहे. अशी खरी हकीकत निवड करणाऱ्यांना थांबून वाचावीशी वाटते.

आणि परतण्याविषयी. केजपासून फार दूर नसलेले जामखेड आपल्या सगळ्यांच्या माहितीचे आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन १९७० मध्ये त्या दुष्काळी भागात आले आणि गावातल्याच, बहुतांशी निरक्षर बायांना आरोग्याचे काम शिकवू लागले. १९७८ च्या अल्मा-आता परिषदेत प्राथमिक आरोग्यसेवेचा जो विचार जगाने स्वीकारला, त्याला बळ देणाऱ्या प्रयोगांत जामखेडचे नाव घेतले जाते. पुढच्याच वर्षी त्या दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गडचिरोलीच्या डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीही त्याच विद्यापीठातून हे शिक्षण घेतले. आपण कोणत्या लोकांसाठी शिकतो आहोत याविषयी या चौघांच्या मनात संदेह नव्हता आणि मला वाटते, पत्रातील मजकूर पाहता, तो तुमच्याही मनात नाही. तुम्ही जावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : मी परभणी जिल्ह्यातील निवृत्त शिक्षक आहे. मुलगा बी.डी.एस. झाला असून दवाखाना टाकण्याऐवजी अमेरिकेत जाऊन एमपीएच करावे असे त्याला एका सल्ला केंद्राने सुचवले आहे. दोन वर्षांचा खर्च भागवण्यासाठी चार एकर बागायती जमीन तारण ठेवावी लागेल. ‘तिकडे आरोग्य क्षेत्रात नोकऱ्यांना तोटा नाही’ असे ते म्हणतात. काय करावे?

उत्तर : गुरुजी, जमीन तारण ठेवू नये. उत्तर इतके थेट देण्याचे कारण आधी सांगते. जागतिक आरोग्याच्या क्षेत्रात गेल्या काही दशकांत ज्या नोकऱ्या तयार झाल्या त्यांचा मोठा भाग अमेरिकी सरकारच्या परदेशी मदतीवर उभा होता. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने जागतिक आरोग्य संघटनेतून बाहेर पडण्याची घोषणा केली आणि त्याच वर्षी यूएसएड ही त्यांची मदत संस्था गुंडाळण्यात आली. त्या निधीवर चालणारे असंख्य प्रकल्प बंद पडले आणि अनुभवी माणसे नोकऱ्या शोधू लागली. अशा काळात, अनुभव नसलेल्या परदेशी विद्यार्थ्याला नोकरी हमखास मिळेल असे सांगणारा माणूस आपल्या हिताचा विचार करत नाही. मुलाला एमपीएचवर तेथे दातांचा दवाखानाही चालवता येणार नाही, हे त्या सल्ला केंद्राने सांगितले आहे का, तेही विचारून पाहावे.

मुलाची ओढ खरी असेल तर मार्ग आहेत. सल्ला केंद्राने सुचवलेल्या विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाला सार्वजनिक आरोग्य शिक्षणाची मान्यता देणाऱ्या ‘सेफ’ (CEPH) या अमेरिकी परिषदेची मान्यता आहे का, हे त्याने स्वतः परिषदेच्या यादीत पाहावे. अशा मान्यताप्राप्त एमपीएचला किमान ४२ श्रेयांक (क्रेडिट) लागतात आणि सहसा दोन वर्षे जातात. ब्रिटनमध्ये तेच शिक्षण साधारण एका वर्षात होते, त्यामुळे राहण्याचा खर्च निम्म्यावर येतो. परंतु दोन्हीकडे स्वतःच्या पैशाने जाण्याआधी शिष्यवृत्तीसाठी प्रयत्न करणे मला आवश्यक वाटते, आणि चांगल्या शिष्यवृत्त्या कामाचा अनुभव मागतात: ब्रिटनच्या चेव्हनिंगला दोन वर्षांचा, अमेरिकेच्या फुलब्राइट-नेहरू मास्टर्सला तीन वर्षांचा. राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातींबरोबरच विमुक्त-भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांनाही मिळू शकते, हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत असते आणि म्हणून येथे मुद्दाम लिहिते. आपल्या घराला त्या लागू नसल्या तरी आपले विद्यार्थी गावोगाव असतील, त्यांच्या कानावर घालावे. १८९२ पासून चालत आलेल्या जे. एन. टाटा एन्डाउमेंटचे कर्ज-शिष्यवृत्तीचे साहाय्य सर्वांसाठी खुले असते.

शिवाय हे शिक्षण देशातही उत्तम मिळते. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेतील अच्युत मेनन केंद्रात १९९७ पासून एमपीएच चालते, चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेतील अभ्यासक्रम प्रत्यक्ष साथींच्या तपासावर भर देतो, मुंबईत देवनारला टाटा समाजविज्ञान संस्था आहे, पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातही सोय आहे. ढाक्याच्या ब्रॅक विद्यापीठातील जेम्स पी. ग्रँट स्कूल २००४ पासून चालते; तेथे अनेक देशांचे विद्यार्थी एकत्र शिकतात आणि खेड्यांत जाऊन काम करतात. माझ्या मते अमेरिकेतील सामान्य विद्यापीठापेक्षा यांतील कोणतीही जागा अधिक चांगली. मुलाने आधी दोन वर्षे आपल्याच जिल्ह्यात, शाळांतील मुलांच्या दातांवरील फ्लोराइडच्या डागांचे किंवा तंबाखू खाणाऱ्यांच्या तोंडातील चट्ट्यांचे नीट नोंदवलेले काम करावे. दंतवैद्याला सार्वजनिक आरोग्यात याहून चांगले प्रवेशद्वार नाही.

प्रश्न : मी हिंगोलीच्या महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवतो. श्रीमंत देशांनी गरीब देशांतील रोगांचा अभ्यास करायचा, शोधनिबंध त्यांच्या नावावर आणि रक्ताचे नमुने आमचे, यालाच ‘ग्लोबल हेल्थ’ म्हणतात, असे माझे मत झाले आहे. आमच्या विद्यार्थ्यांना या वाटेने पाठवणे योग्य आहे का?

उत्तर : आपला आक्षेप इतिहासाला धरून आहे. लिव्हरपूलची उष्णकटिबंधीय वैद्यक शाळा १८९८ मध्ये आणि लंडनची १८९९ मध्ये स्थापन झाली, ती साम्राज्यातील व्यापारी, सैनिक आणि अधिकारी जिवंत राहावेत यासाठी. आजही अनेक प्रकल्पांत प्रश्न एका खंडात ठरतो आणि उत्तरे दुसऱ्या खंडातील बायांकडून सह्या-अंगठे घेऊन गोळा केली जातात. या शिक्षणसंस्थांमध्ये त्याविषयी आता उघडपणे बोलले जाते, ही चांगली गोष्ट असली तरी बोलण्याने निधीची सूत्रे हलत नाहीत.

तरीही विद्यार्थ्यांना पाठवू नये, हा निष्कर्ष मला मान्य नाही. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या पश्चिम बंगालमधील बनगाव येथील छावणीत कॉलऱ्याने माणसे मरत होती आणि शिरेतून देण्याचे सलाईन संपत आले होते. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात मिसळून पिंपांतून भरून ठेवले आणि नातेवाइकांनीच ते रुग्णांना पाजावे अशी व्यवस्था केली. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. आज आपल्या प्रत्येक आशाताईच्या पिशवीत असणारी जलसंजीवनीची पुडी सर्वसामान्य माणसाच्या हाती देता येते, ही खात्री जगाला त्या छावणीने दिली. महालनबीस जॉन्स हॉपकिन्सच्या कलकत्त्यातील संशोधन केंद्रात काम करत होते. म्हणजे निधी आणि संस्था परकी होती. परंतु निर्णय चिखलात उभ्या असलेल्या माणसाचा होता, आणि त्याने केलेली नोंद इतकी काटेकोर होती की ती कोणाला नाकारता आली नाही.

मराठवाड्यातील विद्यार्थी त्या वर्गांत नसतील तर ऊसतोड बाईविषयीचा निबंध तरीही लिहिला जाईल, तिला ‘खाडा’ म्हणजे काय हे न विचारता लिहिला जाईल. आपण विद्यार्थ्यांना एवढेच शिकवून पाठवा की मार्गदर्शक निवडताना त्यांच्या मागील निबंधांवर स्थानिक सहकाऱ्यांची नावे कोणत्या क्रमांकावर आहेत ते पाहावे, आणि अभ्यास झालेल्या गावात निष्कर्ष त्या गावाच्या भाषेत सांगितले गेले का हे निःसंकोच विचारावे. तुळजापूर तालुक्यातील अणदूर येथे हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावातील बायांना ‘भारतवैद्य’ म्हणून तयार केले. गावातल्या आरोग्याचे ज्ञान गावाच्याच हाती कसे राहू शकते, हे परदेशी जाण्यापूर्वी त्यांना तेथे पाहता येईल.

प्रश्न : मी उदगीर भागात अंगणवाडी पर्यवेक्षिका आहे. वय ३६, शिक्षण बी.एस.डब्ल्यू. गणित दहावीनंतर सुटले. डॉक्टर नसताना आणि गणित येत नसताना हा अभ्यास करता येईल का? नोकरी सोडणे शक्य नाही.

उत्तर : ताई, करता येईल. या वर्गांत परिचारिका, समाजकार्यकर्ते, अर्थशास्त्र शिकलेले, अभियंते असे सगळे असतात आणि जैवसांख्यिकी बहुधा सुरुवातीपासून शिकवली जाते. नोकरी सांभाळून शिकायचे असेल तर दूरशिक्षणाचा विचार करा. लंडनच्या ज्या शाळेचा उल्लेख वर आला तीही सार्वजनिक आरोग्याचा अभ्यासक्रम दूरशिक्षणाने देते, आणि तो काही वर्षांत विभागून पुरा करता येतो. त्याचे शुल्क मात्र आपल्या पगाराच्या मानाने जड आहे, म्हणून आधी देशातील पर्याय पाहावेत.

गणिताची भीती घालवण्यासाठी एक काम सुचवते. पुढच्या महिन्याच्या वजनाच्या दिवशी तुमच्या सर्व अंगणवाड्यांतील तीव्र कुपोषित बालकांची संख्या घ्या. तिला एकदा वजन झालेल्या बालकांच्या संख्येने भागा, मग पटावरील सर्व बालकांच्या संख्येने भागा आणि शेवटी गावात प्रत्यक्ष राहत असलेल्या त्या वयाच्या सर्व बालकांच्या संख्येने भागा. या शेवटच्या संख्येसाठी वीटभट्टीवरची आणि तांड्यावरची मुले स्वतः जाऊन मोजावी लागतील. तीन वेगळी उत्तरे येतील. त्यांतील कोणते उत्तर जिल्ह्याला कळवावे आणि का, हे एका पानावर लिहून मला पाठवा. पुढील अंकात आपण त्यावरच बोलू.